नाव नसलेला चित्रकार आणि दापोडीची फुलं

आजचा एपिसोड अशा एका माणसाबद्दल आहे, ज्याचं नाव कुणालाच माहीत नाही.

त्याने काढलेली चित्रं आहेत. साधारण पावणेदोनशे. ती आज स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात, तिथल्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संग्रहात नीट जपून ठेवलेली आहेत. त्यांच्यावर जाडजूड पुस्तक निघालंय. चित्रं कुठे काढली, कुणी काढून घेतली, कोणत्या वर्षांत काढली, हे सगळं माहीत आहे. फक्त ज्या हाताने ब्रश धरला, त्या हाताचं नाव कुठे लिहिलेलं नाही.

आणि ही चित्रं कुठली? आपल्या पुण्याजवळच्या दापोडीची. हो, तीच दापोडी, जिथे आज पुणे मेट्रोचं स्टेशन आहे.

तर आज बोलू या आपल्या मातीतल्या फुलझाडांच्या जलरंगातल्या चित्रांबद्दल. ती भिंतीवर टांगायची चित्रं नाहीत, शास्त्रासाठी काढलेली चित्रं आहेत. आणि शेवटी नवी मुंबईत येऊ, कारण या गोष्टीचा आपल्या टेकड्यांशी आणि खाडीशी थेट संबंध आहे.

आधी एक प्रश्न: चित्र कशाला हवं?

तुम्ही म्हणाल, आता खिशात फोन आहे. रस्त्यात फूल दिसलं, कॅमेरा धरला, दोन सेकंदांत नाव हजर. मग तासन्‌तास बसून रंगवायचं कशाला?

प्रश्न रास्त आहे. पण जरा मागे जाऊ. सन १५६३. गोव्यात एक पुस्तक छापून निघालं. लेखक गार्सिया द ऑर्ता, पोर्तुगीज डॉक्टर. भारतात छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. पुस्तक इथल्या औषधी वनस्पतींवर होतं आणि दोन माणसांच्या गप्पांच्या स्वरूपात लिहिलेलं होतं. म्हणजे आजच्या भाषेत पॉडकास्टच म्हणा ना! या ऑर्ताला मुंबई बेट भाड्याने मिळालं होतं, इथे त्याचं घर होतं, बाग होती.

पुस्तक गाजलं. पण त्यात एक मोठी उणीव होती: एकही चित्र नव्हतं. आता विचार करा, लिस्बनमध्ये बसलेला माणूस ‘पान असं असं, फळ असं असं’ हे वाचून काय समजणार? त्याने आयुष्यात फणस पाहिलेलाच नाही. त्याला तुम्ही शब्दांत फणस समजावून दाखवा! पंधरा वर्षांनी, १५७८ साली, क्रिस्तोव्हाँ द कोस्ता नावाच्या दुसऱ्या डॉक्टरने ऑर्ताच्याच माहितीचा भरपूर आधार घेऊन पुस्तक काढलं आणि त्यात लाकडी ठशांची चित्रं घातली. शब्द एकटे पुरत नाहीत, हे लोकांच्या तेव्हाच लक्षात आलं होतं.

पुढे शंभर वर्षांनी केरळात डच गव्हर्नर व्हान ऱ्हेडे याने ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा प्रचंड ग्रंथ केला. १६७८ ते १६९३ या काळात तो ॲम्स्टरडॅमला छापून झाला. त्यात सातशेहून जास्त झाडांची मोठमोठी चित्रं आहेत. या कामात इट्टी अच्युतन हे केरळी वैद्य होते आणि तीन कोंकणी वैद्यही होते: रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. त्यांचं कोंकणी भाषेतलं, देवनागरी लिपीतलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात जसंच्या तसं छापलं आहे. आपली लिपी युरोपात छापली गेल्याचं हे फार जुनं उदाहरण.

आता मजा बघा. झाडांना दोन शब्दांची लॅटिन नावं देण्याची पद्धत रूढ करणारा लिनियस कधीच भारतात आला नाही. इथल्या कित्येक झाडांची नावं त्याने याच ग्रंथातली चित्रं समोर ठेवून दिली. त्यातल्या बऱ्याच झाडांसाठी आजही शास्त्राचा मूळ पुरावा म्हणून तेच चित्र धरलं जातं. म्हणजे उद्या वाद झाला की ‘हे नाव नेमकं कोणत्या झाडाचं?’, तर शास्त्रज्ञ ते पान उघडतात. चित्र हाच दस्तऐवज!

वाळलेलं फूल खोटं बोलतं

वनस्पतीशास्त्रात नमुना जपायची मुख्य पद्धत म्हणजे झाडाची फांदी कागदांमध्ये दाबून वाळवायची आणि जाड कागदावर चिकटवायची. अशा संग्रहाला हर्बेरियम म्हणतात. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमधलं ब्लॅटर हर्बेरियम प्रसिद्ध आहे.

पद्धत उत्तम आहे, तिच्याशिवाय शास्त्र चालत नाही. पण वाळलेल्या नमुन्यात रंग मरतो. निळं फूल तपकिरी होतं. गुबगुबीत, रसाळ झाडाचा चोथा होतो. फूल देठावर कसं लटकलं होतं, वर बघत होतं की खाली, हे समजत नाही.

आपली कळलावी घ्या. पावसाळ्यात सह्याद्रीत आणि कोकणात कुंपणावर, झुडपांवर चढलेली दिसते. देठ खाली वाकतो आणि पाकळ्या उलट्या फिरून आकाशाकडे जातात, ज्वाळेसारख्या. पहिल्या दिवशी पाकळी पिवळी-हिरवट, मग टोकाकडून लाल होत जाते आणि शेवटी सगळी लालभडक. हे फूल कागदांत दाबलं तर काय उरणार? एक चपटा डाग.

किंवा पळस घ्या, काटेसावर घ्या. पारसिकच्या डोंगरावर, पनवेलच्या बाजूला उन्हाळ्याच्या तोंडाला ही झाडं पेटल्यासारखी फुलतात, तेव्हा अंगावर पान नसतं. पानं नंतर येतात. तुमचा फोटो एका क्षणाचा असतो. त्यात फूल असेल तर पान नाही, पान असेल तर फूल नाही. चित्रकार मात्र फाल्गुनात फूल रंगवतो, त्याच कागदावर जागा सोडतो, पुढे शेंग लागली की शेंग काढतो आणि पावसात पान आलं की पान. एका कागदावर वर्षभराचं झाड. हे काम कॅमेरा एका क्लिकमध्ये करू शकत नाही.

दापोडीचा बंगला

आता येऊ मूळ गोष्टीकडे.

५ नोव्हेंबर १८१७. खडकीची लढाई. पेशवाईच्या शेवटाची सुरुवात. त्या वेळी कॅप्टन फोर्ड नावाचा इंग्रज अधिकारी दापोडीला छावणी करून होता. त्याची पलटण पेशव्यांच्या पैशाने उभी राहिलेली, पण लढाईच्या दिवशी ती इंग्रजांकडून लढली. हा फोर्ड दापोडीला मुळा नदीच्या काठी मोठा बंगला बांधून राहत होता.

दहा वर्षांनी मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने तो बंगला सरकारसाठी घेतला. पावसाळ्यात गव्हर्नरने मुंबईची दमट हवा सोडून पुण्याला राहायचं, म्हणून. आणि १८२८ साली त्याच जागेत मुंबई इलाख्याची सरकारी वनस्पती बाग सुरू झाली. इंग्रज ‘दापोडी’चा उच्चार ‘दापुरी’ करायचे, म्हणून कागदोपत्री ती ‘दापुरी गार्डन’ झाली.

ही बाग फिरायला जायची नव्हती. कंपनी सरकारला हिशोब हवा होता. कोणता ऊस इथे जास्त येईल, कोणती भाजी, कोणतं फळझाड, रस्त्याकडेला लावायला रोपं किती मिळतील, लष्करी दवाखान्यांना लागणारी औषधं बाहेरून आणण्याऐवजी इथेच करता येतील का, असं सगळं. झाडं म्हणजे महसूल, हा विचार मुळाशी होताच. ते विसरून चालणार नाही.

१८३८ साली या बागेवर अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश डॉक्टर आला. त्याआधी तो दख्खनमध्ये आणि खानदेशात देवी टोचायचं काम करत गावोगाव फिरला होता. त्याला मराठी येत होतं. गावात जाऊन लोकांशी त्यांच्या भाषेत बोलणारा साहेब. साहजिकच झाडांची माहिती त्याला पुस्तकातून मिळाली तशी लोकांकडूनही मिळाली. दापोडीबरोबर जुन्नरजवळच्या हिवरे इथली बागही त्याच्याकडे होती.

आणि याच गिब्सनने १८४७ ते १८५० या काळात एका चित्रकाराकडून बागेतल्या आणि आसपासच्या रानातल्या झाडांची चित्रं काढून घेतली. काही झाडं बाहेरून आणून लावलेली, काही अस्सल आपल्या सह्याद्रीची. तीच ही ‘दापुरी ड्रॉइंग्ज’.

चित्र बनायचं कसं?

या प्रकारच्या चित्राची रीत ठरलेली असते, तेव्हाही होती आणि आजही आहे. झाड पायाशी असलं पाहिजे, म्हणजे ताजं. फांदी सकाळी कापायची, पाण्यात ठेवायची. मग घाई सुरू, कारण आपल्या उन्हात फूल दुपारपर्यंत मान टाकतं. म्हणून आधी फूल, मग पान, सगळ्यात शेवटी खोड.

माप शक्यतो खरं. म्हणजे पान चार इंच असेल तर कागदावरही चार इंच. आधी पेन्सिलीची बारीक रेघ. मग पातळ रंगाचा एक हात, तो वाळला की दुसरा, मग तिसरा. जलरंगात उजळाकडून गडदाकडे जायचं असतं. पांढरा रंग लावायचा नसतो, तिथे कागद मोकळा सोडायचा असतो. एकदा गडद केलं की मागे येता येत नाही. इथे ‘अनडू’ नाही बरं का!

त्या काळी हिरवा रंग बहुतेक वेळा दोन रंग मिसळून व्हायचा: नीळ आणि एका झाडाच्या डिंकातून मिळणारा पिवळा. म्हणजे झाडाच्या रंगानेच झाड रंगवलं जात होतं. रंग कागदाला धरून राहावा म्हणून त्यात डिंक.

आणि कागदाच्या तळाशी शास्त्राचा भाग. फूल उभं चिरून आतले पुंकेसर किती, स्त्रीकेसर कसा, बीजांडकोशात कप्पे किती, हे मोठं करून दाखवायचं. सामान्य माणूस वरचं सुंदर फूल बघतो. शास्त्रज्ञ सगळ्यात आधी ही खालची छोटी चित्रं बघतो. झाडाची ओळख तिथे पक्की होते.

विचार करा, यासाठी माणसाला काय काय यायला हवं. हात तर हवाच. पण सोडून द्यायचं काय, हेही कळायला हवं. किडीने खाल्लेलं पान दिसलं तर ते काढायचं की त्या जातीचं सर्वसाधारण पान काढायचं? दर चित्रात असे शंभर निर्णय. असे निर्णय घेणाऱ्याला नुसता नक्कल करणारा कसं म्हणणार?

‘पोर्तुगीज’ म्हणजे कोण?

मग हा माणूस होता कोण? कागदपत्रांतून त्याची ओळख उरली ती एका शब्दाची: पोर्तुगीज.

इथे थांबायला हवं. कारण हा शब्द फसवा आहे. त्या काळच्या मुंबई इलाख्यात ‘पोर्तुगीज’ म्हटलं की लिस्बनहून आलेला गोरा माणूस असा अर्थ निघत नसे. गोव्यातून आलेल्या ख्रिस्ती माणसाला पोर्तुगीज म्हणत. इतकंच नाही, तर मुंबई, साष्टी, ठाणे, वसई इथल्या ख्रिस्ती कोळी, आगरी, भंडारी, कुणबी कुटुंबांनाही इंग्रज सर्रास पोर्तुगीजच म्हणत. याच समाजाने पुढे १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं.

म्हणजे आपला चित्रकार मांडवीच्या काठचा असू शकतो, तसाच खाडीपलीकडच्या ठाण्या-वसईकडचाही असू शकतो. घरी कोंकणी बोलत असेल किंवा मराठी. कळलावीला तो कळलावीच म्हणत असेल. चित्राखाली लॅटिन नाव लिहिलं गेलं, त्याच्या तोंडचं नाव मात्र हवेत विरलं. त्याचं स्वतःचं नावही.

तुम्ही म्हणाल, त्या काळी चित्रकाराचं नाव लिहायची पद्धतच नसेल. तसं नाही! हे बघा.

सतराव्या शतकात जहांगीरच्या दरबारात उस्ताद मन्सूर होता. १६२० साली बादशहा काश्मीरला गेला, तेव्हा मन्सूरने तिथल्या शंभरावर फुलांची चित्रं काढली, असं खुद्द बादशहाने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. त्याला पदवी होती ‘नादिर-उल-अस्र’, म्हणजे आपल्या काळातला अद्वितीय.

पुण्यातच बघा. दापोडीच्या बागेआधी, सवाई माधवरावांच्या काळात, इंग्रज वकील चार्ल्स मॅलेटच्या पुढाकाराने चित्रकलेची शाळा निघाली होती. तिथे तयार झालेले गंगाराम तांबट. त्यांनी वेरूळची लेणी काढली, पेशव्यांच्या पदरचा गेंडा काढला. त्यांचं नाव टिकलं, चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

आणि थेट फुलांच्या चित्रांतलं उदाहरण मद्रासचं. तिथे रॉबर्ट वाइट नावाचा डॉक्टर होता, गिब्सनसारखाच स्कॉटिश, कंपनीचाच नोकर. त्याच्याकडे रंगय्या आणि गोविंदू हे दोन तेलुगू चित्रकार होते. वाइटने दोन हजारांवर चित्रं छापली आणि त्यावर या दोघांची नावं येऊ दिली. एवढंच नाही, तर १८५३ साली त्याने एका ऑर्किडच्या गटाला नाव दिलं ‘गोविंदूइया’. साहेबाचं नाव नाही, राजाचं नाही. चित्रकाराचं!

म्हणजे नाव लिहिता येत होतं. काहींनी लिहिलं, बहुतेकांनी नाही लिहिलं. कलकत्त्याच्या बागेत विल्यम रॉक्सबर्गने भारतीय चित्रकारांकडून अडीच हजारांहून अधिक चित्रं करून घेतली. त्यातल्या बहुतेकांवर सही नाही. दापोडीचा चित्रकार त्या मोठ्या निनावी रांगेतला एक.

झाडांवर कोणाची नावं?

उलट झाडांच्या लॅटिन नावांत कोण कोण बसलंय बघा. गिब्सनच्या पाठोपाठ मुंबई इलाख्याच्या जंगलांचा कारभार निकोलस डॅल्झेलकडे आला. डॅल्झेल आणि गिब्सन यांनी मिळून १८६१ साली ‘द बॉम्बे फ्लोरा’ हे पुस्तक काढलं. याच डॅल्झेलला जुन्नरच्या बाजूला कड्यावर वाढणारं एक रसाळ झाड सापडलं. सुंदर तांबूस, चांदणीसारखं फूल. मराठीत तिला शिंदळ माकुडी म्हणतात. सह्याद्री सोडून जगात कुठेही ती निसर्गतः उगवत नाही, आणि इथेही ती दुर्मीळ आहे. डॅल्झेलने तिचं नाव ठेवलं ‘फ्रेरिया इंडिका’. फ्रेरिया कशावरून? बार्टल फ्रेअर, तेव्हाचा मुंबईचा गव्हर्नर!

आता तिचं वर्गीकरण बदललं आहे, काही शास्त्रज्ञ तिला दुसऱ्या गटात घालतात. पण तिथेही फ्रेअर तिच्या नावात शिल्लक आहेच. कड्यावरच्या झाडाला ज्या गुराख्याने आधी पाहिलं असेल, तो कुठेच नाही.

गिब्सनबद्दल मात्र एकतर्फी बोलणं बरोबर होणार नाही. जंगलतोडीचा पाण्यावर, ओढ्या-नद्यांवर परिणाम होतो, हे सरकारच्या कानी घालणाऱ्या पहिल्या अधिकाऱ्यांपैकी तो होता. १८४७ साली तो मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. पण त्याच वन कारभाराने डोंगरात राब जाळून, जागा बदलत शेती करणाऱ्या लोकांवर बंधनं आणली. जंगल वाचवणं आणि जंगलातल्या माणसाला बाहेर ठेवणं, या दोन्ही गोष्टी एकाच टेबलावरून सुरू झाल्या. हा गुंता अजून सुटलेला नाही.

दापोडीची बाग १८६०च्या दशकात बंद झाली. तिचं काम पुढे गणेशखिंडीकडे गेलं. चित्रं स्कॉटलंडला पोचली आणि तिथे कितीतरी वर्षं लोकांच्या नजरेआड राहिली. हेन्री नोल्टी या वनस्पतीशास्त्रज्ञाने त्यांचा माग काढला आणि २००२ साली त्यांच्यावर पुस्तक आणलं. दीडशे वर्षांनी दापोडीची फुलं परत उमलली म्हणायची.

साहेबाच्या टेबलावरून घराघरात

पुढे ही चित्रं सरकारी कपाटातून बाहेर पडून सामान्य वाचकाकडे आली. मुंबईत १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, आपली बीएनएचएस, स्थापन झाली. या संस्थेने १९३७ साली ब्लॅटर आणि मिलर्ड यांचं सुंदर भारतीय वृक्षांवरचं पुस्तक काढलं. रंगीत चित्रांचं. हातात पुस्तक घेऊन रस्त्यावरच्या झाडाखाली उभं राहायचं आणि ‘अरे, हा बहावा!’ म्हणायचं, ही मजा शहरातल्या लोकांना मिळाली.

आजही ही कला संपलेली नाही. बंगळुरूची चित्रकार निरुपा राव हिने पश्चिम घाटातल्या महावृक्षांची जलरंगातली चित्रं केली, ती ‘पिलर्स ऑफ लाइफ’ या पुस्तकात २०१८ साली आली. पुस्तकावर तिचं नाव आहे. गोविंदूपासून इथवर यायला एवढा काळ गेला.

आणि ते तुमचं फोनमधलं ॲप? ते फूल ओळखतं, कारण त्याला आधी लाखो फोटो दाखवून प्रत्येकाचं नाव कुणीतरी सांगितलेलं असतं. ते नाव सांगणाऱ्याने ते कुठून शिकलं? पुस्तकातून, हर्बेरियममधून, चित्रातून. मागे मागे जात राहिलात तर कुठेतरी एक माणूस खिडकीजवळ बसून, फूल सुकायच्या आत त्याचे पुंकेसर मोजत असतो. तुमच्या दोन सेकंदांमागे त्याचे दोन दिवस आहेत.

आता नवी मुंबई

आपलं शहर कागदावर जन्मलं. १९७० साली सिडको आली, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नव्या शहराचा आराखडा झाला. रस्ते, नोड, सेक्टर, स्टेशन, सगळं रेखलेलं. प्रत्येक प्लॉटचा नकाशा मिळेल. भातशेती होती, मिठागरं होती, खाडी होती, टेकड्या होत्या. ते कुठे होतं तेही नकाशात मिळेल.

पण उलव्याची टेकडी विमानतळासाठी सपाट झाली, त्या टेकडीवर श्रावणात काय फुलायचं? कोणत्या उतारावर तेरडा, कुठे सोनकी, कुठे रानहळद? हे नकाशात सापडत नाही. हे गावातल्या आजीला विचारावं लागतं. तिला ठाऊक असतं, कारण ती त्या टेकडीवरून रानभाजी आणायची. आजी गेली की ती नोंदही जाते.

१८३९ साली जॉन ग्रॅहम या मुंबईच्या टपाल खात्यातल्या अधिकाऱ्याने मुंबई आणि आसपासच्या झाडांची यादी पुस्तकरूपात केली. ती छापून पुरी व्हायच्या आतच तो वारला, मित्राने काम पूर्ण केलं. पोस्टातला माणूस! वनस्पतीशास्त्र त्याचा धंदा नव्हता. त्या यादीमुळे आज कळतं की तेव्हा इथे काय काय होतं. नोंद ठेवायला खातं लागत नाही, सवय लागते.

आपल्याकडे नोंदवण्यासारखं काय कमी आहे का? कर्नाळ्याचं जंगल आहे. खारघरच्या टेकड्या आहेत. आणि कांदळवन आहे, ज्याला आपण गाडीतून जाताना ‘ती झुडपं’ म्हणतो. त्यात मारंडी आहे, काटेरी पानांची, जांभळट निळ्या फुलांची. चिपी आहे. पांढरी चिपी तर २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष. तिचं फूल संध्याकाळनंतर उघडतं, पांढऱ्या केसरांचा झुपका, आणि सकाळपर्यंत केसर गळून पडतात. रात्री वटवाघळं येतात त्यावर. ज्या शहरात लोक रात्री जागून वेबसिरीज बघतात, त्या शहराच्या कडेला असं फूल उमलतं आणि न बघताच पडून जातं.

एक छोटं काम

दर एपिसोडला काहीतरी करून बघायला सांगतो, तसं आजही.

एक झाड निवडा. एकच. सोसायटीबाहेरचं चालेल, स्टेशनच्या वाटेवरचं चालेल, फक्त ते आपल्या मातीतलं असू दे. तामण घ्या, आपलं राज्यफूल. बहावा घ्या, पांगारा घ्या. नाव माहीत नसेल तर ॲपला विचारा, आणि नंतर जवळच्या कुणा मोठ्या माणसाला त्याचं मराठी नाव विचारा. दोन्ही लिहून ठेवा.

शाळेच्या रंगांचा डबा पुरे. चांगला जाड कागद घ्या, एवढाच खर्च. फांदी तोडू नका, झाडाजवळ उभं राहून काढा किंवा खाली पडलेलं फूल उचला. पाकळ्या मोजा. पुंकेसर मोजा. पान समोरासमोर आहेत की एकाआड एक, ते बघा. चित्र वाकडं आलं तरी चालेल, मोजणी सरळ हवी. त्याच कागदावर जागा सोडा आणि दोन महिन्यांनी फळ लागलं की पुन्हा जा. वर्षभरात चार-पाच वेळा. तेवढ्यात तुम्हाला त्या झाडाचं असं काही दिसेल, जे रोज बाजूने जाऊन कधी दिसलं नव्हतं.

मग खाली तारीख लिहा. जागा लिहा: सेक्टर, रस्ता, टेकडीचं नाव. पन्नास वर्षांनी ती टेकडी असेल नसेल, तुमचा कागद सांगेल.

आणि कोपऱ्यात एक गोष्ट नक्की लिहा. दापोडीच्या त्या माणसाने पावणेदोनशे चित्रं काढली आणि ती एक गोष्ट त्याच्या कागदांवर कुणी लिहिली नाही.

तुमचं नाव.

काढलेली चित्रं आम्हाला जरूर पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. तोवर बघत राहा, ऐकत राहा!